आंबायला ठेवलेले काजू

“मॅडम, बॅक्टेरियांना उपास असतो का?”

हा प्रश्न मी विचारला. नववी ‘ब’च्या तिसऱ्या बाकावरून, उभी राहून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. माझा आवाज मोठा आहे हे आता आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मलाही माहीत नव्हतं. हजेरीला मी ‘हजर’ इतकं हळू म्हणायचे, की चौगुले सरांनी मला दोनदा समोर बसलेली असताना गैरहजर लावलं होतं.

प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या मैत्रिणींनी, प्रणोती आणि मिसबाहनं, रचला होता. पैज अशी, की मी तो पाहुण्यांना विचारला तर आठवडाभर माझं दप्तर त्या दोघी वाहणार, नाही विचारला तर त्यांची मी. मी विचारणार नाही याची त्यांना इतकी खात्री होती, की प्रणोतीनं तिचं दप्तर माझ्या मांडीवर आधीच ठेवून दिलं होतं.

हॉल हसला. चौगुले सरांनी डोळे मोठे केले. पण पाहुण्या म्हणून आलेल्या डॉ. नाईक मॅडम हसल्या नाहीत. त्या कुठल्याशा कृषी विद्यापीठात अन्नावरचे जंतू शिकवायच्या आणि त्या दिवशी ‘सूक्ष्मजीव आपले मित्र’ या विषयावर बोलायला आल्या होत्या.

“असतो की,” त्या म्हणाल्या. “खायला दिलं नाही तर उपास. आणि त्यांचा उपास फार कडक. चहासुद्धा घेत नाहीत. नाव काय तुझं?”

“अश्लेषा डोंगरे.”

“तू उपासाला काय खातेस, अश्लेषा?”

“काजू. घरचे.”

आमचं गाव आजऱ्याच्या पलीकडे. डोंगरावर काजू आणि डोंगराखाली म्हशी, यापलीकडे गावात सांगण्यासारखं काही नाही.

“मग त्यांनाही काजूच घाल,” मॅडम म्हणाल्या. “फार छान चीज करून देतील तुला. दुधाचा थेंब नको.”

आता मात्र सगळ्या हॉलनं माना वर केल्या. आमच्याकडे दुधाशिवाय काही होतं हे कुणी ऐकलेलं नव्हतं. माझे पप्पा तर दूध संस्थेत टेस्टर. गावातला प्रत्येक कॅन त्यांच्या फॅटच्या मशीनसमोरून जायचा. फॅट जितकं जास्त तितका दुधाला भाव, त्यामुळं त्यांनी आकडा लिहिल्याशिवाय दूध पुढं सरकत नसे. लोक त्यांना नावानं नाही, ‘डोंगरे टेस्टर’ म्हणूनच ओळखायचे.

भाषण संपल्यावर मी मॅडमना गाठलं. एकदा तोंड उघडलं की बंद करायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

“मॅडम, काजूत विरजण घालायचं का?”

“विरजण दुधाचं. मग ते दुधाशिवायचं कसं होईल? ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी खायचं कसं?”

हे ऐकून मिसबाह माझ्या पाठीमागून पुढं आली. मिसबाहला दूध सोसत नव्हतं. दुधाच्या गावात ही गोष्ट ती कुणाला सांगायची नाही. वाढदिवसाचे पेढे ती रुमालात बांधून मला आणून द्यायची. त्या रुमालांनी माझं वजन वाढलं होतं.

मॅडमनी पर्समधून एक चपटं पाकीट काढलं. आत चिमूटभर पावडर, दुधावर न वाढवलेल्या बॅक्टेरियांची. सोबत सहा पट्ट्या. पदार्थ किती आंबट झालाय ते या पट्टीचा रंग सांगतो, त्या आकड्याला पीएच म्हणतात, आकडा जितका खाली तितकं आंबट. काजू उकळून निवलेल्या पाण्यात भिजवायचे, मऊ वाटायचे, पावडर घालायची, झाकून उबेला ठेवायचं.

“एक नियम,” त्या म्हणाल्या. “चोवीस तासांनी पट्टी लावायची. आकडा साडेचारच्या खाली आला, तर ठीक. नाही आला तर टाकून द्यायचं. चवसुद्धा घ्यायची नाही.”

“चांगला वास आला तरी?”

“तरी. आंबट झालं की वाईट जंतूंना दार बंद होतं. नाही झालं तर दार उघडं. आणि आत कोण येऊन बसलंय ते वासावरून कळत नाही. काही काही तर फार सभ्य असतात.”

चौगुले सरांनी ते लांबून ऐकलं आणि तिथल्या तिथं जाहीर केलं, की चार दिवसांनी होणाऱ्या विज्ञान प्रदर्शनात डोंगरेचं चीज मांडायचं. घरी जाताना प्रणोतीनं माझं दप्तर पाठीवर आणि तिचं पोटावर घेतलं होतं. मी दोन्ही हात हलवत चालत होते.

घरी मी जाहीर केलं तेव्हा आई काजू सोलत होती.

“दुधाशिवाय चीज,” आई म्हणाली. “आणि ह्यांच्या पोरीनं. गाव काय म्हणंल?”

“गावाला मी समजावून सांगीन.”

आईनं माझ्याकडं जरा बघितलं. कालपर्यंत शेजारच्या काकूंकडून चाळण मागून आणायला मी लाजत होते.

“समजाव बाई,” ती म्हणाली. “पण चेअरमन साहेब येणार आहेत ना प्रदर्शनाला? त्यांच्यापुढं तोंड सांभाळ. पप्पांची ऑर्डर त्यांच्या सहीला थांबलीय.”

ऑर्डर हा आमच्या घरातला जुना शब्द. पप्पा अकरा वर्षं संस्थेत होते आणि अकरा वर्षं ‘तात्पुरते’ होते. दर दिवाळीला कायम होण्याची ऑर्डर निघणार असायची. चेअरमन आबासाहेबांनी सही केली की निघणार. मी चौथीत असताना आईनं त्या ऑर्डरच्या नावानं संकष्ट्या धरल्या, त्या अजून सुटलेल्या नव्हत्या.

आबासाहेब स्वतःही संस्थेला दूध घालायचे. रविवारी मी पप्पांचा डबा घेऊन केंद्रावर जायचे तेव्हा वही बघायचे. सगळ्यांच्या म्हशींचं फॅट खाली-वर व्हायचं, वैरण कमी पडली की उतरायचं. साहेबांच्या म्हशीचं मात्र बारा महिने सात पॉइंट दोन. मला त्या म्हशीचा फार अभिमान होता. मैत्रिणींना मी सांगायचे, म्हैस असावी तर अशी, एकदा ठरवलं की ठरवलं.

पहिल्या संध्याकाळी मी काजू वाटले, पावडर घातली, पातेल्यावर फडकं बांधलं. डिसेंबर होता, थंडी होती. म्हणून पातेलं धाबळीत गुंडाळून घनसाळ तांदळाच्या मोठ्या डब्यात पुरलं. तिथं ऊब राहते. मग मी त्याच्याभोवती दोन दिवस अशी वावरले, जणू घरात बाळंतीण आहे. पण पट्टी लावली नाही. पट्ट्या सहाच होत्या आणि त्या मला सगळ्यांसमोर, परीक्षकांसमोर लावायच्या होत्या. रंग बदलतो, टाळ्या पडतात, असं ते माझ्या डोक्यात होतं. चोवीस तासांचा नियम मी वहीत लाल पेनानं लिहिला होता आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. एवढं केल्यावर तो पाळल्यासारखाच वाटत होता.

तिसऱ्या दिवशी पातेलं उघडलं. इतकं घट्ट, इतकं सुरेख झालं होतं की मीच चकित झाले. फडक्यात बांधून टांगलं, मीठ लावलं, गोळा करून मिऱ्यांच्या भुकटीत घोळवला. चक्क दुकानातल्यासारखा दिसत होता.

प्रदर्शनाच्या दिवशी माझ्या टेबलावर सरांनी स्वतः पाटी लावली: ‘दुधाविना चीज. मान्यवर चव घेतील.’ शेजारी प्रणोतीच्या भावाचा ज्वालामुखी होता. तो दर दहा मिनिटांनी फुटायचा आणि माझ्या टेबलक्लॉथवर लाल शिंतोडे उडवायचा. मिसबाह सकाळपासून हातात टूथपिक घेऊन उभी होती.

“पहिला तुकडा माझा,” ती म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा चीज खाणार आहे मी. चेअरमन-बिअरमन नंतर.”

“तुझाच. फक्त पट्टी लावू दे.”

मान्यवर यायला अजून वेळ होता. टाळ्यांची एक रंगीत तालीम म्हणून मी पट्टी लावली.

पट्टीचा रंग जिथं थांबला तिथं आकडा होता सहा.

दुसरी लावली. सहा.

“पट्ट्या जुन्या असतील,” प्रणोती म्हणाली.

तिच्या डब्यात दहीभात होता. तिसरी पट्टी मी त्या दह्यात बुडवली. रंग झरझर बदलला आणि चारच्या जवळ जाऊन बसला. पट्ट्या उत्तम होत्या.

एवढ्यात आई आणि पप्पा आले. आईनं नवी साडी नेसली होती. तिनं तो गोळा बघितला आणि तिचा चेहरा खुलला.

“बघ कसं टिकलं,” ती म्हणाली. “मी नसते तर नासलंच होतं तुझं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय. सकाळी तांदूळ काढायला गेले तर पातेलं कोमट, वास आंबूस. शाळेचं काम पोरीचं, वाया जाईल म्हटलं. तापवून ठेवलं परत. संध्याकाळी एकदा तापवलं. दुसऱ्या दिवशी पण दोनदा. चांगलं आटून घट्ट झालं. मी बोटानं चाटून बघितलं, बासुंदीसारखं लागत होतं.”

आमच्या घरात पांढरं काही झाकून ठेवलेलं दिसलं, की आईचा हात आपोआप गॅसकडं जातो. दूध सकाळ-संध्याकाळ तापवायचं, नाहीतर नासतं. वीस वर्षं तिनं एक थेंब नासू दिला नव्हता. माझे बॅक्टेरिया पाकिटातून उठले, जेवायला बसले आणि पहिल्या घासालाच उकळले.

“आई,” मी म्हणाले, “ते आंबायलाच ठेवलं होतं.”

“मग आधी सांगायचं न्हवं? डब्यात पुरून कशाला ठेवलंस?”

 गावाला समजावून सांगणार होते, घरात सांगायचं राहून गेलं होतं.

मला आता नीट कळत होतं काय झालंय ते. आंबट झालं नाही, म्हणजे दार उघडं. आणि तीन दिवस ओलं, मऊ, उबेत झाकलेलं. आत कोणीही येऊन बसलेलं असू शकतं, अगदी सभ्य.

पप्पा टेबलाजवळ आले. समोर कार्ड होतं, त्यावर मी सुंदर अक्षरात ‘पीएच’ लिहून पुढची जागा मोकळी सोडली होती.

“किती आला?” त्यांनी विचारलं. आकड्यांची गोष्ट त्यांना चटकन कळते.

“सहा.”

“किती पाहिजे?”

“साडेचारच्या खाली.”

पप्पांनी एकदा दाराकडं बघितलं. बाहेर बँड तयार उभा होता.

“चार पॉइंट चार लिही,” ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. “पप्पा, सहा आलाय.”

“दिसायला झकास आहे. वास नाही. तुझी आई चाटून बघून ठणठणीत उभी आहे. लिही. एवढ्या गर्दीत पट्टी कोण बघतंय?”

“आईनं गरम असताना चाटलं. त्याला दोन दिवस झाले.”

“साहेब एक तुकडा तोंडात टाकतील, फोटो होईल, पुढं जातील. आजच्या दिवशी त्यांना काही म्हणायला जाऊ नकोस, अश्लेषा.”

ते अजिबात रागावले नव्हते. उलट समजुतीनं बोलत होते, अगदी सहज, सवयीनं. त्या सवयीचंच मला नवल वाटलं. चार पॉइंट चार. पॉइंटासकट. असा नेमका आकडा त्यांनी क्षणभरही विचार न करता काढला होता. आणि मला एकदम ती म्हैस आठवली.

“पप्पा,” मी विचारलं. हा प्रश्न मला कुणी पैजेवर दिलेला नव्हता. “साहेबांच्या म्हशीचं फॅट खरं किती असतं?”

त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. ती नीटच होती.

“ती गोष्ट वेगळी.”

“किती?”

“पाच,” ते म्हणाले. “कधी साडेपाच.” मग खालच्या आवाजात, “अकरा वर्षं झाली, पोरी.”

बँड वाजायला लागला. ज्वालामुखी फुटला. मी पेन उचललं आणि कार्डावर आकडा लिहिला. सहा. मोठा. त्याच्याखाली लिहिलं: ‘खाऊ नये.’ सरांच्या पाटीवर ‘मान्यवर चव घेतील’ होतंच. दोन्ही एकत्र वाचल्यावर बरं दिसत नव्हतं, पण पाटी काढायला वेळ नव्हता.

आबासाहेब आले. मागं मुख्याध्यापक, चौगुले सर आणि फोटोग्राफर. साहेब खुशीत होते.

“दुधाशिवाय चीज? आणि टेस्टरच्या पोरीचं? आमच्या म्हशींनी काय तुमचं वाकडं केलंय?”

सगळे हसले. पप्पा सगळ्यांत जास्त हसले. चौगुले सरांनी सुरीनं तुकडा कापला, टूथपिक खुपसली आणि साहेबांच्या हातात दिली. फोटोग्राफर म्हणाला, “तोंडाजवळ धरा साहेब, जरा वर.”

कार्ड कुणीही वाचलं नव्हतं. पप्पांचं म्हणणं बरोबर होतं, कोणी बघत नाही.

साहेबांनी तोंड उघडलं आणि मी टेबलावरून वाकून त्यांच्या हातातली टूथपिक काढून घेतली.

त्यांचं तोंड तसंच उघडं होतं. फोटोग्राफरनं नेमका तेव्हा फोटो काढला. तो आमच्या शाळेच्या वार्षिक अंकात छापलेला नाही.

“नका खाऊ, साहेब,” मी म्हणाले.

“का? विष घातलंस काय?”

“माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच.”

आईनं डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते, बहुतेक संकष्टीला आणखी काही जोडत होती. चौगुले सर म्हणाले, “डोंगरे, बस खाली,” पण तिथं खुर्ची नव्हती. मग मी बोलायला लागले आणि बोलतच गेले. बॅक्टेरिया, आंबटपणा, उघडं दार, सहा आणि साडेचार. पट्टी दाखवली, प्रणोतीचा दहीभातसुद्धा दाखवला. पातेलं कुणी तापवलं ते मात्र सांगितलं नाही. ‘माझ्याकडून नियम मोडला, चोवीस तासांनी तपासलं नाही,’ एवढंच म्हणाले. ते खरंच होतं.

“म्हणजे फसलं,” साहेब म्हणाले.

“पूर्ण फसलं.”

“मग मांडलंस कशाला?”

“फसलंय हे कसं कळलं, ते मांडलंय.”

हे मला तोंडातून बाहेर पडेपर्यंत माहीत नव्हतं. साहेबांनी कार्ड वाचलं, पप्पांकडं बघितलं आणि ज्वालामुखीकडं सरकले. मिसबाहनं तिची टूथपिक मोडून कंपासपेटीत ठेवली.

“चुकीच्या दिवशी शहाणी झालीस,” पप्पा म्हणाले. एवढंच. मग ते मागच्या रांगेत जाऊन बसले.

पहिलं बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. माझ्या नावाचा उल्लेख परीक्षकांनी केला नाही. शेवटी आबासाहेब भाषणाला उभे राहिले, तेव्हा आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

“आज एका मुलीनं माझ्या हातातला घास काढून घेतला,” साहेब म्हणाले. “मला राग आला. खोटं कशाला बोलू? पण मग विचार केला. सहाला सहा म्हणायला छाती लागते. ही छाती आली कुठून? घरातून. बाप कोण? आमचा डोंगरे. मंडळी, आमच्या संस्थेत आकडा असा लिहिला जातो. उभे राहा, डोंगरे.”

टाळ्या पडल्या. पप्पा उभे राहिले. इतका अवघडलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

“अशा माणसाला आपण अकरा वर्षं तात्पुरता ठेवलाय, ही संस्थेला लाज आहे,” साहेब पुढं म्हणाले. “उद्या सकाळी ऑर्डर घेऊन जा.”

साहेबांना त्यांच्या म्हशीचं खरं फॅट माहीत होतं की नव्हतं, हे मला आज अकरावीत गेल्यावरही कळलेलं नाही. तेव्हा त्यांचा चेहरा भारावलेला होता. बोलता बोलता माणसाला स्वतःचं भाषण पटत जातं, तसा.

त्या संध्याकाळी आईनं शिरा केला. देवापुढं ठेवला, संकष्ट्या सोडायचा दिवस ठरवला, शेजारी वाटून आली. मी परसात खड्डा खणून तो सुरेख गोळा पुरला. आत आले तर पप्पा ताटासमोर तसेच बसलेले. शिरा निवला होता.

“जेवा की,” आई म्हणाली. “आता काय राहिलं? झालात कायम.”

“पहाटे पहिला कॅन साहेबांचा असतो,” पप्पा म्हणाले.

“मग? रोजचाच आहे की.”

“रोजचा होता.” त्यांनी घास उचलला आणि परत ठेवला. “दोनशे माणसांपुढं सांगितलं त्यांनी, डोंगरे आकडा कसा लिहितो ते. आता सात पॉइंट दोन लिहिलं तर मी कोण? आणि पाच लिहिलं तर ऑर्डर दुपारपर्यंत तरी टिकंल काय?”

आईला पहिल्यांदा सगळं समजलं. ती हळूच खाली बसली आणि माझ्याकडं बघायला लागली, जणू पातेलं मी तिच्या नकळत पुन्हा कुठंतरी पुरून ठेवलंय.

पुरलं नव्हतं, पण काजू भिजत घातले होते. पाकिटात अजून अर्धी चिमूट उरली होती.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले.

दोघांनीही मान वर केली. या घरात मी काही ठरवल्याचं त्यांनी याआधी ऐकलं नव्हतं.

“आई, मिसबाहसाठी मी परत चीज लावतेय. डब्यातलं पातेलं तापवायचं नाही. नासेल असं वाटलं तर वाटू दे. आणि पप्पा, उद्यापासून पहाटे मी तुमच्याबरोबर केंद्रावर येणार. शाळेआधी. मशीनवर जो आकडा येईल तो मी मोठ्यानं वाचणार, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. साहेबांच्या कॅनपासून. तुम्ही फक्त लिहायचा.”